पौषातली बोलणी

परवा सकाळी गल्लीत पिंजाऱ्याच्या धनुकलीची तार वाजली. टण्ण... टण्ण... मध्येच थांबायची, पुन्हा वाजायची. हल्ली गाद्या-रजया दुकानातून तयार येतात, त्यामुळे बालीगंजमध्ये हा आवाज वर्षातून एखाद्या वेळीच कानावर पडतो. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले. खाली सगळा मोहल्ला थंडीच्या तयारीला लागला होता. समोरच्या घोषबाबूंनी कान झाकणारी माकडटोपी चढवली होती. थंडी म्हणाल तर पुण्याचा माणूस स्वेटर काढून हातावर टाकील एवढीच. पण इथला माणूस तिचे फार लाड करतो. चार आठवडे राहणार बिचारी, म्हणून ट्रंकेतल्या शाली निघतात, गच्चीवर रजयांना ऊन दाखवलं जातं, बाजारात नारिंगांचे ढीग लागतात, आणि मातीच्या मडक्यांतून खजुराच्या रसाचा नवा गूळ येतो. त्याला इथे नोलेन गूळ म्हणतात. त्याचा वास धुरकट, गोड, थोडासा ओल्या मातीसारखा. तो वास आला की माझ्या मनात पौष सुरू होतो. आणि पौष म्हटलं की मला एकच पौष आठवतो.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. नक्षलवादी चळवळीचा काळ, शहराचे दिवस बरे नव्हते. भिंतीभिंतीवर लाल-काळ्या अक्षरांत घोषणा रंगवलेल्या असत. दुपारी लांबवर कुठेतरी बॉम्ब फुटल्याचा आवाज आला की आमच्या शाळेतल्या बाई खडू हातात धरून क्षणभर थांबत आणि मग उरलेलं वाक्य पुरं करीत. संध्याकाळी घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटत, त्यांचा धूर थंडीमुळे वर न जाता रस्त्यावरच रेंगाळे, आणि त्या धुरातून ट्रामचा एकच दिवा हळूहळू पुढे येताना दिसे. मला ते सगळं सुंदर वाटायचं. भीती मोठ्यांना वाटायची.

आमचे आजोबा रेल्वेच्या कचेरीतल्या नोकरीसाठी साताऱ्याकडून कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. मी त्यांना पाहिलं नाही. आमच्या दोन खोल्यांच्या आणि एका मोठ्या गॅलरीच्या घरात बाबा होते, आई होती, मी होते, आजी होती आणि बाबांची थोरली बहीण मालूआत्या होती. म्हणजे बाबा सोडले तर सगळं बायकांचंच राज्य. पण तसं कुणी म्हणत नसे. घरातला शेवटचा शब्द बाबांचा, असं आम्ही सगळ्याच धरून चालत होतो. बाबाही.

मालूआत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायची. डोक्याला हेडफोन लावून समोरच्या बोर्डावरच्या भोकांत वायरी खुपसायच्या आणि कलकत्त्याचा माणूस मुंबईच्या माणसाला बोलता करायचा, हे तिचं काम. चार भाषा तिच्या जिभेवर अशा फिरायच्या की कुठली संपली आणि कुठली सुरू झाली ते कळायचं नाही. मुंबईच्या ऑपरेटर बायका तिला नुसत्या आवाजानं ओळखत. ती फिक्या रंगाच्या सुती साड्या नेसायची, कपाळ मोकळं ठेवायची, आणि मला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. आत्या तशीच असते, असं मला वाटायचं. ती विधवा आहे हे मला नवव्या वर्षी एका लग्नात कळलं, जेव्हा अक्षता वाटणारी बाई तिला वगळून पुढे गेली.

तिचं लग्न एकोणिसाव्या वर्षी नागपूरला झालं होतं. दोन वर्षांनी तिचा नवरा विषमज्वरानं गेला. ही बातमी आली तेव्हा आजोबा जाऊन तीन वर्षं झाली होती, बाबा कॉलेजात होते. आजी तोवर आयुष्यात कधी एकटी गल्लीबाहेरही गेली नव्हती. तिनं शेजारच्या काकांना मुंबई मेलचं तिकीट काढायला लावलं, नऊवारीचा काचा घट्ट मारला आणि एकटी नागपूरला जाऊन उतरली. व्याह्यांना म्हणाली, "मुलीला न्यायला आलेय." ते म्हणाले, "वर्ष होऊ द्या, रीत आहे." आजी त्यांच्या ओसरीवर बसून राहिली. तिनं भांडण केलं नाही, रडली नाही. जेवायला बोलावलं तर, "मुलीला घेतल्यावर गाडीत जेवू," म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आत्याची ट्रंक बाहेर आणून ठेवली. कलकत्त्याला आल्यावर आठवड्याच्या आत आत्याचं नाव कॉलेजात घातलं गेलं. हे सगळं मला आईनं सांगितलं. आजी त्याविषयी कधी बोलत नसे. विचारलं तर म्हणायची, "त्यात काय, गाडी थेट होती."

त्या पौषात एका रविवारी आम्ही चौघी गच्चीवर ऊन खात मटार सोलत बसलो होतो. कलकत्त्याच्या हिवाळ्यातलं दुपारचं ऊन साईसारखं असतं, अंगावर ओढून घ्यावं असं. बाबा खाली झोपले होते. आत्या एका शेंगेतले दाणे ताटात पाडत म्हणाली, "आई, मला लग्न करायचंय."

आईचा हात थांबला. माझाही. आजीचा थांबला नाही.

"कुणाशी?" आजीनं विचारलं.

पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की तिनं 'का' असं विचारलं नव्हतं. या वयात, लोक काय म्हणतील, यातलं काहीही नाही. कुणाशी, एवढंच.

आत्यानं सांगितलं. निर्मलबाबू तिच्याच एक्स्चेंजमध्ये यंत्रांची देखभाल बघत. बेचाळीस वर्षांचे, अविवाहित. फाळणीच्या वेळी पूर्व बंगालमधून आले, येताना वडील गेले, मग भावंडांची शिक्षणं, बहिणींची लग्नं. ते करता करता स्वतःचं राहून गेलं. आता घरात ते आणि त्यांची आई, डमडमच्या निर्वासितांच्या वसाहतीत. "सहा वर्षं ओळखते मी त्यांना," आत्या म्हणाली. "त्यांच्या आईची तयारी नाही. आणि श्रीधरचं काय ते..." श्रीधर म्हणजे बाबा.

"श्रीधरचं मी बघते," आजी म्हणाली. "आधी त्यांचं बघू. पत्ता दे."

बाबांना त्याच संध्याकाळी कळलं. माझे बाबा वाईट मनुष्य नव्हते, हे इथे लिहायला हवं. त्यांना आवाज चढवता येत नसे. ते खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसत राहिले आणि म्हणाले, "ताई, तुला काय कमी पडलं या घरात?" आत्या म्हणाली, "काहीच नाही."  बाबांना खरं तर काय वाटत होतं ते मी आज सांगू शकते. इथे आमची मराठी घरं मोजकी. सणाला, बारशाला, आजारपणाला तीच माणसं. त्यांच्या नजरेतून उतरलो तर या एवढ्या मोठ्या शहरात आपलं कोण, ही धास्ती त्यांना लहानपणापासून होती. परक्या गावात वाढलेल्या माणसाची धास्ती. मलाही ती थोडी आहे.

नाताळची सुट्टी लागली. एका मंगळवारी बाबा ऑफिसला गेल्यावर आजी मला म्हणाली, "मिनू, तुझं बंगाली चांगलं आहे ना? चपला घाल."

आईनं डब्यात करंज्या भरायला घेतल्या होत्या. आजीनं डबा बाजूला सारला. "शिजवलेलं, तळलेलं नको. त्या माझ्यासारख्याच. कुणाच्या हातचं खात नसतील. नारिंगं दे आणि एक नारळ." आई तिच्याकडे बघत राहिली. न पाहिलेल्या बाईच्या घरी जाताना आजीनं तिचा एवढा विचार केला होता.

आम्ही बालीगंजहून लोकलनं सियालदहला गेलो, तिथून दुसऱ्या गाडीनं डमडमला. आजीला बंगाली पंचवीस-तीस शब्द येत, तेही भाजीबाजाराचे. बायकांच्या डब्यात सगळ्या तिच्या नऊवारीकडे बघत होत्या. एकीनं मला विचारलं, "ही कुठल्या देशाची साडी गं?"

"काय म्हणतेय?" आजी म्हणाली. मी सांगितलं.

"सांग, याच देशाची."

मी सांगितलं आणि अख्खा डबा हसला. एका म्हातारीनं सरकून आजीला खिडकीजवळ जागा दिली.

डमडमला उतरल्यावर मात्र कुणी हसत नव्हतं. स्टेशनबाहेर पोलिसांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. निम्मी दुकानं बंद. सायकलरिक्षावाला वसाहतीचं नाव ऐकून म्हणाला, "वळणापर्यंत सोडतो, आत नाही जाणार." आम्ही वळणावर उतरलो आणि चालत निघालो. माझा हात आजीच्या हातात होता. तिची चाल जराही बदलली नाही, पण पकड घट्ट झाली होती, एवढं मला आठवतं.

बांबूचं कुंपण, कौलारू छपराचं छोटं घर, दारात तुळस, कुंपणावर घेवड्याचा वेल. निर्मलबाबूंची आई अंगणात उन्हात बसून तांदूळ निवडत होती. बिनकाठाची पांढरी साडी, केस पार कानाच्या वर कापलेले, हाडकुळ्या हातांत काही नाही. मी वाकून नमस्कार केला, आम्ही कोण ते सांगितलं आणि त्यांना दिदिमा म्हटलं, कारण इथे आजीला तसंच म्हणतात. त्या उठून उभ्या राहिल्या. आजी आणि त्या एकमेकींसमोर उभ्या होत्या, दोघींची कपाळं सारखीच रिकामी. मग त्यांनी एक चटई आणून पसरली.

सुरुवातीचं बोलणं सोपं होतं. गाव कोणतं, मुलं किती, पाय दुखतात का. मी इकडचं तिकडे करत होते आणि मला फार महत्त्वाचं वाटत होतं. मग दिदिमा हळू आवाजात म्हणाल्या, "तुमची मुलगी वाईट आहे असं मी म्हणत नाही. खोका सांगतो, फार गुणी आहे." खोका म्हणजे निर्मलबाबू, घरातलं लाडाचं नाव. बेचाळीस वर्षांच्या माणसाला खोका म्हणतात याचं एरवी मला हसू आलं असतं. "पण एकच गोष्ट," त्या पुढे म्हणाल्या, "ती बिधबा आहे."

 हे आजीला कसं सांगायचं ते मला कळेना.

"कळलं," आजी म्हणाली. "तो शब्द आपल्यातही तोच आहे."

अंगणात एक खार तुळशीजवळून धावत गेली. आजीनं पदर सारखा केला. "मिनू, नीट सांग. घाई करू नको. म्हणावं, मी विधवा आहे. तुम्हीही आहात. ते काय असतं हे आपल्या दोघींना ठाऊक आहे, म्हणून मी तुमच्याकडे आले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याशी मी काय बोलू?"

मी एकेक वाक्य करून सांगितलं. दिदिमा उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या पितळेच्या ताटलीत नारळाचे लाडू आणि दोन पेले पाणी घेऊन आल्या. आजीनं आणलेला नारळ त्यांनी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला.

त्यानंतर दोघी जेवणाविषयी बोलू लागल्या. तुम्ही काय खाता, काय वर्ज्य, उपास कोणते. दिदिमा सांगत होत्या: मासे नाहीत, कांदा-लसूण नाही, दिवसाला एकदाच भात, आणि मसुरीची डाळ नाही.

"मसुरीनं काय घोडं मारलंय?" आजीनं विचारलं. मला ते नीट फिरवता आलं नाही. मी सांगितलं, आजी विचारतेय मसुरीच्या डाळीनं काय गुन्हा केला. दिदिमा आधी चमकल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. "हे मला आजवर कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "मीही कुणाला विचारलं नाही."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या एकादशीची. निर्जळी एकादशी. घोटभरही पाणी नाही. त्यांना ताप होता. सासूनं पाण्याची घागर दुसऱ्या खोलीत ठेवून तिला बाहेरून कुलूप लावलं होतं, कारण सुनेनं चोरून पाणी प्यायलं तर पाप घराला लागेल. हे मला नीट सांगता येईना. मी म्हटलं, "आजी, यांना पाणी दिलं नव्हतं."

आजीनं हात पुढे केला आणि दिदिमांच्या गुडघ्यावर ठेवला. कितीतरी वेळ तो तिथेच होता. मला दुभाष्याचं काहीच काम उरलं नव्हतं.

निघताना दिदिमा म्हणाल्या, "पौषात शुभ कार्य नसतं."

"आमच्यातही नसतं," आजी म्हणाली. "बोलणी पौषात करू. कार्य माघात."

त्या हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. वळणापर्यंत आम्हाला पोचवायला मात्र आल्या आणि रिक्षा दिसेपर्यंत उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर मीच बाबांना सगळं सांगून टाकलं. तेव्हा मात्र बाबांचा आवाज चढला, मी पहिल्यांदा ऐकला. "तिथे रोज माणसं मरतायत आई! आणि तू मिनूला घेऊन गेलीस?"

"ते माझं चुकलं," आजी लगेच म्हणाली. "पोरीला न्यायला नको होतं." मग जरा थांबून, "पण मला भाषा येत नाही रे."

बाबा खाली बसले. "ताईनं माझा विचार केलाय का? मला याच माणसांत राहायचंय."

आई तोवर दारात उभी होती. सासूच्या आणि नवऱ्याच्या मध्ये ती कधी बोलत नसे. माझी आई बोलायचीच मुळी कमी. ती म्हणाली, "वन्सं सोळा वर्षं आपलाच विचार करतायत. मिनूच्या वेळी मी दीड महिना अंथरुणाला खिळून होते, तेव्हा पोरीला कुणी सांभाळलं? आता आपण त्यांचा करू या." बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं जणू घरातली भिंत बोलली. त्या दिवसापासून ते या विषयावर गप्प झाले. रागानं नाही. त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं.

संक्रांत आली. आई दर वर्षी नोलेन गुळाच्या पोळ्या करायला जायची आणि दर वर्षी त्या तव्यावर फुटायच्या, कारण हा गूळ आपल्या गुळासारखा घट्ट राहत नाही, उष्णता लागली की वाहतो. तिळाच्या वड्याही धड थापल्या जात नसत. पण तो धुरकट सुवास घरभर असा भरायचा की चिकट वड्यांविषयी कुणी तक्रार करत नसे. संक्रांतीनंतरच्या शनिवारी आईचं हळदीकुंकू असायचं. भागातल्या आठ-दहा मराठी बायका यायच्या. आजी त्या दिवशी आतल्या खोलीत बसायची. आत्या मुद्दाम दुपारची पाळी मागून घ्यायची आणि सगळं आवरल्यावर घरी यायची. हे ठरलेलं होतं, कुणी ठरवलं ते कुणाला माहीत नव्हतं.

त्या वर्षी आईनं आत्याला सांगितलं, "वन्सं, शनिवारी रजा काढा."

सगळ्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या. आई एकेकीला हळदीकुंकू लावत गेली, ओटीत वाण घालत गेली. शेवटी ती स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. तिथे आत्या पाण्याचे पेले भरत उभी होती. "वन्सं, पुढे या," आई म्हणाली. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. ती नाही म्हणत होती, पण आईनं तिचं मनगट धरलं, तिला सतरंजीवर आणून बसवलं आणि तबक पुढे केलं.  तबकातली वाटी किणकिणत होती, तो आवाज मला ऐकू येत होता.

दामलेकाकू सगळ्यांत वडील. त्यांनी ओटीतलं वाण काढून खाली ठेवलं. "सुधा, हे तू शहाणपणाचं करत नाहीयेस," असं म्हणून त्या उठल्या. त्यांच्यामागून तिघी उठल्या. जिन्यावर चपलांचे आवाज झाले. आई तशीच उभी. तेवढ्यात एक तरुण मुलगी पुढे आली. तिच्या नवऱ्याची बँकेतून बदली होऊन दोन महिनेच झाले होते, तिचं नावही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिनं आईच्या हातातलं तबक घेतलं आणि स्वतःच आत्याच्या कपाळाला कुंकू लावलं. "मी नवीन आहे इथे," ती म्हणाली. "मला अजून कुणाला घाबरायचं ते कळत नाही."

सगळ्या गेल्यावर आई आतल्या खोलीत आजीच्या पाया पडायला गेली. मी मागे होते. आजीला भिंतीआडून सगळं ऐकू गेलं होतं. तिचे डोळे लाल झाले होते. तिनं आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोळ्या यंदाही फुटल्या का गं?"

माघ लागल्यावर पहिल्याच रविवारी निर्मलबाबू त्यांच्या आईला घेऊन आमच्याकडे आले. वसाहत सोडून एवढ्या लांब त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. बाबा त्यांच्याशी नम्रपणे, तुटक बोलले आणि वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत गेले. दिदिमांनी आत्याला जवळ बसवून घेतलं. तिची हनुवटी वर करून तिचा चेहरा नीट पाहिला. मग एकच गोष्ट विचारली, "मसुरीची डाळ खातेस ना?"

"खाते," आत्या म्हणाली.

"सोडायची नाही. मी मेल्यावरही नाही. काही झालं तरी नाही." आत्यानं मान खाली घातली. तिला बोलता येईना. दिवसभर चार भाषांत बोलणारी माझी आत्या.

पुढचं इथेच सांगून टाकते. मालूआत्या आणि निर्मलबाबूंचा संसार तेवीस वर्षं झाला. मूल झालं नाही. ते डमडमच्या त्याच घरात राहिले, छपराच्या जागी स्लॅब आली, कुंपणावर घेवडा तसाच राहिला. निर्मलबाबू गेले त्यानंतरही आत्या रंगीत साड्या नेसत राहिली आणि मसुरीची डाळ खात राहिली. आजी जिवंत होती तोवर महिन्यातून एका एकादशीला डमडमला जायची. तिथे पोचली की पाणी मागायची. दिदिमा पेला आणून द्यायच्या. आजी तो हातात धरून बसायची. तोडक्यामोडक्या बंगालीत म्हणायची, "मी पाहुणी. एकटी कशी पिऊ?" असं तीन एकादश्या चाललं. तिन्ही वेळा आजी तहानलेली परत आली. चौथ्या वेळी दिदिमांनी दुसरा पेला भरून आणला. आत्या तेव्हा दारात उभी होती, तिनं पाहिलं.  

या बायकांना आपण काही मोठं करतो आहोत असं कधी वाटलं असेल, असं मला वाटत नाही. आजी सनातनी होती, देवदेव करायची, सोवळं पाळायची. आई आयुष्यभर नवऱ्याच्या आधी जेवली नाही. त्यांच्या हातात हक्क असे काही नव्हते. ज्या गोष्टी त्यांनी केल्या त्या सगळ्या बसून, वाट बघून, पत्ता विचारून, रजा काढायला सांगून केलेल्या. मी नोकरी केली, मोठ्या पदावरून निवृत्त झाले, भाषणं दिली. पण एखाद्या परक्या बाईच्या दारात शब्द येत नसताना जाऊन बसण्याची हिंमत माझ्यात आहे का, याची मला आजही खात्री नाही.

लग्न नोंदणीनं झालं, माघाच्या शेवटी, एस्प्लनेडजवळच्या एका जुन्या इमारतीत. जिना लाकडी आणि अंधारा होता. बाबा सकाळी नेहमीसारखे नऊला ऑफिसला गेले. "मला जमणार नाही," एवढंच म्हणाले. आत्यानं आंब्याच्या मोहोराच्या रंगाची रेशमी साडी नेसली होती, ती आईची होती. निर्मलबाबू धोतर सारखं सावरत होते.

नोंदणी अधिकारी वयस्क होते. त्यांनी तीन साक्षीदार विचारले. आई पुढे झाली, आजी पुढे झाली, दिदिमा पुढे झाल्या. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुरुषमाणूस कुणी नाही?"

"कायद्यात पुरुषच हवा असं आहे का?" दिदिमांनी विचारलं.

"नाही," ते म्हणाले आणि त्यांनी वही पुढे सरकवली.

आईनं देवनागरीत सही केली, शाळेतल्या मुलीसारखी, रेघेवर. दिदिमांनी बंगालीत. आजीनं टाक धरल्यासारखं पेन धरलं आणि हात न उचलता एक लांब वळणदार ओळ लिहिली. तिचे वडील गावचे कुलकर्णी, त्यांनी तिला लहानपणी मोडी शिकवली होती. आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं. अधिकाऱ्यांनी वही आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. "ही कुठली लिपी?"

"आमची," आजी म्हणाली. हे तिला बंगालीत सांगता आलं.

आम्ही खाली आलो. बाहेर लख्ख ऊन होतं, फुटपाथवर लोकरीच्या कपड्यांची विक्री चालली होती, ट्राम घंटा वाजवत वळत होती. दिदिमांनी घरून करून आणलेल्या, तांदळाच्या पिठाच्या गोड पिठ्यांची पिशवी आजीच्या हातात होती, ट्रामनं घरी जाऊन सगळ्यांनी मिळून खायच्या होत्या. आम्ही रस्ता ओलांडायला वळलो आणि मी पाहिलं, समोरच्या थांब्यावर बाबा उभे होते. ऑफिसचेच कपडे, हातात कागदात गुंडाळलेली रजनीगंधाची फुलं, ती धरायची कशी ते न कळल्यासारखी उलटी धरलेली. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. ते आमच्याकडे बघत होते, पण पुढे येत नव्हते.

आत्या थांबली. सगळेच थांबलो. आजी मात्र थांबली नाही. गाड्यांकडे हात दाखवत तिनं रस्ता ओलांडला आणि मुलासमोर जाऊन उभी राहिली. बाबांचे ओठ हलले, ते काहीतरी सांगायला लागले होते. आजीनं ते ऐकून घेतलं नाही. तिनं पिशवी त्यांच्यापुढे केली.

"धर ही," ती म्हणाली. "जड झालीये."